उंबऱ्याची चाल

गल्लीच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा इस्माईल माझ्या मागून म्हणाला, "ज्ञानू, हात वर कर."

इस्माईल मुलाणी आमच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. वाजवता वाजवता बोलायची त्याला सवय होती आणि बोलताना त्याच्या काठ्या कधी चुकायच्या नाहीत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या तोंडात क्लॅरिनेट होती, त्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्न नव्हता.

सकाळचे साडेदहा झाले होते आणि वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं होतं. नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावरून मांडवाकडे निघाला होता. पुढे आम्ही अकरा जण, अंगात लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालरी, आणि आत घामाच्या धारा. मागे घोडा आणि त्याच्या मागे दीडशे-दोनशे वऱ्हाडी. सगळ्यांच्या पुढे मी, कारण मी बँडमास्तर. बँड कुठे थांबवायचा आणि कुठे सुरू करायचा हे माझ्या उजव्या हातावर ठरायचं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. ज्या घरात कोणी गेलंय आणि अजून दहावा व्हायचाय, त्या घरावरून वाजवत जायचं नाही. वीस पावलं अलीकडे पुढचा माणूस हात वर करतो आणि सगळं गप्प होतं. दोन घोट घेऊन नाचणारे नवरदेवाचे मामेसुद्धा टोपी सरळ करून खाली बघत चालतात. घर मागे पडून वीस पावलं झाली की हात खाली येतो आणि पुन्हा वाजंत्री सुरू होते. कोणी मोठा असो की छोटा, वैरी असो की सोयरा, यात फरक करत नाहीत.

त्या गल्लीत उजव्या हाताचं चौथं घर हरिबा गेजगे वस्तादाचं होतं. सहा दिवसांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा विलास गेला होता.

मी हात वर केला नाही.

आता हे नीट सांगायचं तर नऊ वर्षं मागे जावं लागेल, आणि मला ते नको वाटतं, कारण त्यात माझीच शोभा आहे. पण सांगतो.

हरिबा मूळचा सनईवाला. त्याच्या बापानं आणि आज्यानं सनईच वाजवली. बँडचे दिवस आले तेव्हा त्यानं क्लॅरिनेट हातात घेतली आणि सनईतलं सगळं तिच्यात ओतलं. आमच्या भागातली माणसं आधी हरिबाची तारीख घ्यायची आणि मग भटजीला मुहूर्त विचारायची. मी सतराव्या वर्षी त्याच्याकडे शिकायला गेलो. पहिले सहा महिने त्यानं मला वाद्याला हात लावू दिला नाही. पाण्यानं भरलेल्या घागरीत नळी बुडवायची आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा बसायचा. सहा महिन्यांनी मी नाकानं श्वास घेत तोंडानं फुंकायला शिकलो आणि मग बुडबुडे थांबेनात. त्यावर तो म्हणाला, उद्यापासून वाद्य घेऊन ये. एवढंच म्हणाला.

पाच वर्षं मी त्याच्याकडे राबलो. चुकलं की शिवी मिळायची आणि बरोबर आलं की काहीच मिळायचं नाही. सोनाकाकी, म्हणजे त्याची बायको, मला पोटच्या पोरासारखं वाढायची. पण मला भाकरी नको होती. मला त्या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'बरं वाजवलंस' एवढं ऐकायचं होतं. माझ्या बोटांना चाळीस गावांत तोड नव्हती हे चाळीस गावं म्हणत होती. तो म्हणत नव्हता.

त्याची स्वतःची एक चाल होती. नवरदेव मांडवाच्या दाराशी येतो, सासू पाय धुते, ओवाळते, तेवढ्या वेळात वाजवायची. तिला सगळे उंबऱ्याची चाल म्हणायचे. ती त्यानं स्वतः बांधली होती आणि दुसरं कोणी ती वाजवत नसे. दुसऱ्याची बांधलेली चाल न विचारता वाजवणं आमच्यात चोरी समजतात. ती चाल ऐकून मुलीच्या आया रडायच्या. तेही मुलगी सासरी जायच्या आधी, ओवाळता ओवाळता.

पाच वर्षं झाल्यावर एका दुपारी मी धीर करून ती चाल मागितली. सोप्यात बँडची सगळी माणसं बसली होती. सोनाकाकी अंगणात सुपानं ज्वारी पाखडत होती. हरिबा म्हणाला, आधी काहीतरी वाजव. मी वाजवलं. जेवढं येत होतं तेवढं सगळं घातलं त्यात. झाल्यावर त्यानं विलासला वाजवायला सांगितलं. विलास तेव्हा पोरगेला होता, त्याचं वाजवणं साधं आणि मधेमधे अडखळणारं. चार सुरांत काकीचे हात थांबले. सूप तिरकं धरून ती तशीच बसली.

"बघितलंस?" हरिबा मला म्हणाला. "तू वाजवत हुतास तवा ती पाखडत हुती. तुझी बोटं पळत्यात, ज्ञानू. पर तुझ्या वाजवण्यानं कुणाचा हात थांबत न्हाई. ही चाल तुला देऊन काय करू?"

सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, पण हसले. विलास मात्र हसला नाही. तो खाली मान घालून वाद्य पुसत बसला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी केंगारांच्या बँडमध्ये गेलो. तीन वर्षांत तिथे मास्तर झालो. हरिबाच्या निम्म्या सुपाऱ्या आमच्याकडे वळवल्या. आणि ज्या ज्या लग्नात हरिबाचा बँड असेल तिथे मी मांडवाबाहेर, लांब, कुणाच्या तरी बैलगाडीआड उभा राहायचो आणि उंबऱ्याची चाल ऐकायचो. घासाघासानं चोरून आणली ती. गावाबाहेर माळावर एक पंपाची खोली होती. तिथे इंजिन सुरू असताना वाजवत बसायचो, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको. चार वर्षांत ती मला तोंडपाठ झाली. गावात ती मी कधी वाजवली नाही. हरिबानं नंतर ती विलासला दिली, आणि माझ्या मनात जे होतं ते आणखी आंबलं.

विलास सांगोल्याहून मोटारसायकलवरून येताना ट्रकखाली गेला. बावीस वर्षांचा होता. रस्त्यात कुठेही भेटला की 'ज्ञानूदादा' म्हणून थांबायचा. माझा त्याच्यावर राग होता, पण त्याला तोंडावर टाकून बोलण्याइतकं निमित्त त्यानं कधी दिलं नाही. त्याच्या मातीला अख्खं गाव गेलं. मी गेलो नाही. इस्माईल दोनदा बोलवायला आला. मी म्हणालो, अंगात कणकण आहे. इस्माईलनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि निघून गेला.

ऐन लग्नसराईत हरिबाचा बँड बसला, आणि त्यानं घेतलेल्या सुपाऱ्या आमच्याकडे आल्या. हे लग्न त्यातलंच. सकाळी नवरदेवाच्या बापानं मला विचारलं होतं, मारुतीपासून मांडवाकडं कुठल्या वाटेनं न्यायचं, वरच्या आळीनं की खालच्या. वरच्या आळीनं गेलं असतं तर काहीच झालं नसतं. मी म्हणालो, खालची जवळ पडते. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. लोक समजतात की मला ऐनवेळी भान राहिलं नाही. भान चांगलं होतं.

तर आम्ही कोपऱ्यावर आलो. इस्माईल पुन्हा म्हणाला, "ज्ञानू, अरे घर आलं."

मी वाजवत होतो ते उडत्या चालीचं गाणं मधेच सोडलं. मागच्यांना वाटलं मी थांबवतोय. कॉर्नेट थांबलं, ढोल थांबला. इस्माईलनं काठ्या काखेत घातल्या. गल्ली शांत झाली आणि घोड्याच्या टापा तेवढ्या वाजत राहिल्या. मी आणखी दहा पावलं चाललो, हरिबाच्या दारासमोर आलो, तोंड दाराकडे केलं, आणि उंबऱ्याची चाल सुरू केली.

मी ती कशी वाजवली ते मला सांगता येईल, कारण त्यातलं एकेक पाऊल मला आजही आठवतं. पहिला सूर मी लावला तो शिवी देतात तसा लावला. मनात म्हणालो, घे. तुझं पोर ही वाजवत होतं ना? आता कोण वाजवतंय ते ऐक. नऊ वर्षं आंबलेलं सगळं त्या लाकडी नळीत घातलं. सोप्यातलं ते हसणं, बैलगाडीआडचं उभं राहणं, पंपाच्या खोलीतली डिझेलची घाण, सगळं. मधे एक जागा आहे, तिथे सूर वर जाऊन थांबतो आणि हळूच खाली येतो. हरिबा तिथे एक श्वास थांबायचा. मी तिथे थांबलो ते थांबलोच. नाकानं श्वास घेत राहिलो आणि सूर धरून ठेवला. त्याला तो जितका वेळ सोसावा लागेल तितका वेळ धरायचा होता. मग खाली आलो, पायरी पायरीनं, सावकाश, कारण घाई करायचं मला काही कारण नव्हतं.

आणि मला मधेच कळलं की काहीतरी वेगळं होतंय. मी जे वाजवतोय ते माझ्या बोटांतून येतंय, पण ते माझ्या ओळखीचं नाही. इतकी वर्षं वाजवलं, पण हे असं कधी आलं नव्हतं. त्यानंतरही मी हजारेक लग्नं वाजवली असतील. तसं पुन्हा आलं नाही.

नळावरच्या बायका हंडे भरून वाहत असताना तशाच उभ्या होत्या. नवरदेवाच्या बापानं माझा कोट धरायला हात पुढे केला होता आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला. सोनाकाकी दारात आली. तिच्या केसांना सहा दिवस तेल नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग मागे, घरात बघितलं.

आतून हरिबा उठला. मी त्याला उठताना पाहिलं. गुडघ्यावर हात देऊन, दोन प्रयत्नांत. त्याच्या तोंडावर असा राग होता की मला बरं वाटलं. लागलं होतं त्याला. तो दारापर्यंत आला, चौकट धरली, तोंड उघडलं. मग तोंड मिटलं. डोळेही मिटले. तो तसाच चौकट धरून उभा राहिला आणि त्याची मान हलत होती. अशक्तपणानं हलत असेल असं मला वाटलं.

मी चाल पूर्ण केली. अर्धी सोडली असती तरी चाललं असतं, पण मी सोडली नाही. शेवटचा सूर संपला तेव्हा हरिबानं डोळे उघडले. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग घोड्यावरच्या नवरदेवाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम कुणीतरी फडकं पिळावं तसा झाला. तो आत गेला. काकीनं दार लावून घेतलं.

मग आरडाओरडा झाला. नवरदेवाच्या बापानं मला काय काय म्हटलं ते मी सांगत नाही, ते सगळं बरोबर होतं. अपशकुन झाला म्हणून त्यांनी घोडा तिथूनच वळवला आणि वरच्या आळीनं मांडवात नेला. इस्माईलनं गळ्यातला ड्रमचा पट्टा काढला, ड्रम रस्त्यावर ठेवला, आणि लाल कोटही काढून त्याच्यावर ठेवला.

"तू वाजव आता एकटा," तो म्हणाला. "तुला येतंय की."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. केंगारमालकांनी मला दुसरा बँड बघायला सांगितलं. आमच्या समाजाची चार वडील माणसं बसली आणि त्यांनी ठरवलं की ज्ञानूनं वस्तादाच्या घरी जाऊन पायावर डोकं ठेवावं, नाहीतर त्याच्याबरोबर कुणी वाजवू नये. निरोप घेऊन इस्माईल आला. माझ्या घरात शिरलासुद्धा नाही, दारातूनच सांगितलं.

"जातो," मी म्हणालो.

"मनापासनं जा," तो म्हणाला.

लोक अजून म्हणतात की मी माफी मागायला गेलो होतो. मी ऐकायला गेलो होतो. तो काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकला असता, तरी चाललं असतं. माझं वाजवणं त्याच्या हाडापर्यंत गेलं एवढं त्याच्या तोंडून निघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. सोप्यात घोंगडं टाकलेलं होतं आणि त्यावर हरिबा भिंतीला टेकून बसला होता. एवढ्या दिवसांत निम्मा झाला होता. कोपऱ्यात सोनाकाकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन वाकलो. त्यानं पाय मागे घेतले.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो. वाटेत पाठ केलेलं म्हटलं, "वस्ताद, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"दुःखाच्या दारात वाजवलं."

"ते गावाचं चुकलं. त्याचं गाव बघंल." मग तो म्हणाला, "चाल कुठनं उचललीस?"

मी सांगितलं. बैलगाडीआड उभा राहायचो ते, पंपाच्या खोलीचं, सगळं. त्यानं चोरी म्हटलं नाही. तो ऐकत होता आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं घोंगड्यावर पडून होती.

"मधली जागा तू लांबवलीस," तो म्हणाला. "मी ती तशी बांधली न्हवती."

"व्हय."

"का लांबवलीस?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्यासमोर सुरांबद्दल खोटं बोलायची सवयच नव्हती मला.

"तुम्हाला जास्त येळ दुखावं म्हणून," मी म्हणालो.

काकी भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "ऐकलंसा?"

"मला ठावं हाय," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पहिल्या फुंकीतच कळलं. म्हणलं, हा शिवी द्यायला आलाय. मी बी शिवी द्यायलाच उठलो. चौकट धरली तवर शिवी तोंडात हुती माझ्या."

 काकीनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला, पण त्यानं घेतला नाही.

"सहा दिस झालं हुतं, ज्ञानू. डोळं मिटलं की विलास ट्रकखाली. उघडलं तरी त्योच. भाकरीचा तुकडा मोडला तरी त्यो. सगळी येत्यात, समजावत्यात, भजन म्हणत्यात, कायबी आत जाईना. आन तू वाजवाय लागलास."

"वस्ताद..."

"गप बस. तू वाजवाय लागलास, आन त्यो गेला. डोस्क्यातनं पुसून गेला. मी म्हणलं, सूर धरलाय, आता किती धरतोय बघू. तू धरलास. म्हणलं, आता खाली कसा येतोय? तू आलास, एक बी पायरी न चुकता. मी मनात म्हणलं, झकास. पोराची माती अजून वाळली न्हाई, आन मी दारात हुबा राहून मान डोलावतोय. सुखानं डोलावतोय. तेवढ्या येळात मला पोर हुतं, ह्येच मी विसरलो."

मी खाली बघत होतो. त्याचा आवाज चढला नव्हता. तो एखाद्या चुकलेल्या जागेबद्दल सांगावं तसं सावकाश सांगत होता.

"मग चाल संपली. डोळं उघडलं तर म्होरं नवरदेव, घोडं. आन मला याद आली. म्हंजी मला ते पुन्हा कळलं, पहिल्यांदा कळल्यावानी. ट्रकनं एकदा मारलं त्याला. दुसऱ्यांदा आपण दोघांनी मारलं, तू आन मी."

काकी रडत होती. तिनं पदर तोंडात धरला होता म्हणून आवाज येत नव्हता.

"शिवी दिली असतीस तर माफ केलं असतं मी," हरिबा म्हणाला. "दगूड मारला असतास तरी केलं असतं. ह्याची माफी न्हाई."

मी काहीतरी म्हणायला गेलो, आणि मग जे ऐकायला आलो होतो ते त्यानं न विचारता सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हता तो, समोरच्या रिकाम्या खुंटीकडे बघत होता.

"विलासनं चार वरसं वाजवली ती चाल. त्याला कधी अशी आली न्हाई. मला बी न्हाई. ह्ये बी मला आताच कळायचं हुतं."

 बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"जा आता," तो म्हणाला. "कुठं वाजवायचं ते वाजव, मी कुणाला काय म्हणणार न्हाई. इस्माईलला बी सांगतो, वाजव म्हणून. पर माझ्या कानावर पडू देऊ नगंस. परत ऐकलं तर परत मान डोलवंल माझी. मला भ्या वाटतंय त्याचं."

दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. मी न बोलता उठलो. काकीच्या समोरून जाताना तिनं मान वर केली आणि त्या सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांपूर्वी जिनं मला ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या होत्या, ती ही बाई. ती हळूच म्हणाली, "मेला असतास तर बरं झालं असतं." नुसता मी, की विलासच्या ऐवजी मी, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाहेर ऊन तापलं होतं. नळावरच्या बायकांनी मला बघून बोलणं थांबवलं. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण आता लपवण्यात अर्थ नाही. त्या लाजेच्या वर आनंद होता. इतका की छाती दुखत होती. विलासपेक्षा बरं वाजवलं म्हणाला होता तो. स्वतःपेक्षा बरं म्हणाला होता. ज्या माणसानं सात दिवसांपूर्वी पोर पुरलं त्याच्या तोंडून हे काढून घेऊन मी चाललो होतो, आणि मला ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघावंसं वाटत होतं, त्याच आवाजात, त्याच शब्दांत. मारुतीच्या देवळापर्यंत मी तेच करत आलो. तिथे फरशीवर पाय ठेवला तेव्हा चटका बसला आणि कळलं की चपला हरिबाच्या दारातच राहिल्या आहेत. मागे वळून बघितलं. मग तसाच अनवाणी घरी गेलो.